समुद्रपक्षी, पण जंगलाच्या आधाराने जगणारा: मार्बल्ड मरलेट

समुद्रपक्षी म्हटले की कडेकपारीतली किंवा ओसाड बेटावरची गजबजलेली वसाहत डोळ्यांसमोर येते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मार्बल्ड मरलेटची तऱ्हा निराळी. जेमतेम पाव किलोचा हा पक्षी किनाऱ्यालगत बुड्या मारून छोटे मासे धरतो आणि अंडे घालायला जुन्या जंगलात शिरतो, कधी कधी समुद्रापासून ८० किलोमीटर आतवर.

विज्ञानात त्याची नोंद १७८९ ची. तरी तो अंडी कुठे घालतो, हे कोडे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ सुटले नाही. १९७० मध्ये घरटे शोधून देणाऱ्याला १०० डॉलरचे बक्षीसही जाहीर झाले. अखेर ऑगस्ट १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बिग बेसिन उद्यानात, डग्लस फर वृक्षाच्या फांद्या छाटणाऱ्या माणसाला सुमारे ४५ मीटर उंचीवर मरलेटचे पिल्लू दिसले. तिथे काड्याकाटक्यांचे घरटे नव्हतेच. रुंद फांदीवर शेवाळाची जाड गादी आणि तिच्यात एक खळगा, एवढेच. त्यात एकच अंडे असते. नर-मादी चोवीस तासांच्या पाळीने ते उबवतात आणि पहाटेच्या अंधारात पाळी बदलतात. इतक्या गुपचूप वावरणारा पक्षी कुणाला सापडणार?

अलास्कात झाडे नसतील तिथे तो जमिनीवरही अंडे घालतो. दक्षिणेकडे मात्र त्याला अशी रुंद, शेवाळलेली फांदीच लागते आणि ती तयार व्हायला झाडाचे वय शंभर-दोनशे वर्षांच्या पुढे जावे लागते. घरटे सापडले तोवर किनाऱ्यालगतच्या त्या जंगलांवर शतकभर कुऱ्हाड चालली होती. तोडीनंतर नवी रोपे लावून हा तोटा भरून निघत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगायला हवे.

१९९२ मध्ये वॉशिंग्टन, ओरेगॉन आणि कॅलिफोर्निया या राज्यांतल्या मरलेटला अमेरिकेच्या संघीय कायद्याने 'संकटग्रस्त' ठरवले. १९९४ च्या वायव्य वनयोजनेत, म्हणजे अमेरिकेच्या वायव्येकडील सरकारी जंगलांच्या आराखड्यात, ठिपकेदार घुबडासोबत त्याचाही विचार झाला. कॅलिफोर्नियात लाकूड कंपनीविरुद्धच्या खटल्यात तर वादी म्हणून या पक्ष्याचेच नाव होते!

पण तोड थांबली म्हणून धोका टळत नाही. जंगलाचे तुकडे झाले की कडेच्या उजेडात फळझुडपे माजतात आणि त्यांच्या ओढीने 'स्टेलर्स जे' हे कावळ्याच्या कुळातले पक्षी व डोमकावळे येतात. ते अंडी-पिल्ले फस्त करतात. पर्यटकांच्या तळांवरचे खरकटे त्यांना आयतेच मिळते. म्हणून रेडवूड या उंच वृक्षांच्या उद्यानांत 'खरकटे सांडू नका' अशी मोहीम सुरू झाली. शिवाय कोंबडीची छोटी अंडी मरलेटच्या अंड्यासारखी रंगवून, त्यांत उलटी होईल असे औषध घालून ठेवली गेली. एकदा खाऊन पस्तावलेला 'जे' पक्षी पुन्हा तसल्या अंड्याच्या वाटेला जाऊ नये, हा हेतू. मला हा उपाय फार कल्पक वाटतो, पण तो एका पक्ष्याला आवरतो. तुकडे झालेले जंगल सांधत नाही.

समुद्रातही सुटका नाही. मासेमारीच्या उभ्या जाळ्यांत मरलेट गुदमरतात. १९८९ मध्ये एक्सॉन व्हाल्डेझ या तेलवाहू जहाजाच्या तेलगळतीत अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंड या आखातात ते मोठ्या संख्येने मेले. वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याला अशी घट भरून काढायला फार काळ लागतो. त्यात २०२० च्या वणव्याने बिग बेसिनचे बहुतेक जंगल होरपळले.

कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये, वॉशिंग्टनने २०१७ मध्ये आणि ओरेगॉनने २०२१ मध्ये आपापल्या कायद्यात मरलेटला अधिक गंभीर, 'धोक्यात आलेला' हा दर्जा दिला. संघीय यादीत मात्र १९९२ चीच श्रेणी कायम राहिली.