भाषेचे शिक्षक एकत्र जमतात तेव्हा : कोल्हापूरच्या अधिवेशनांची पार्श्वभूमी

गेल्या दोन-तीन वर्षांत कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांतून भाषाविषयक चर्चासत्रांची जी निमंत्रणं निघतात, त्यांत ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे शब्द हमखास असतात. विभाग मराठीचा असो, हिंदीचा असो की इंग्रजीचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि वर्षभरात विद्यार्थ्यांच्या गृहपाठाची भाषाच पालटली, तेव्हा शिक्षकांना एकत्र बसून बोलायची निकड वाटणं साहजिकच आहे. त्याआधी हाच मान ‘ऑनलाइन अध्यापना’ला होता, त्याआधी ‘जागतिकीकरणा’ला. विषय बदलत गेले, पण जमायची रीत जुनी आहे. ती कुठून आली आणि मध्ये कुठे भरकटली, हे ठाऊक असल्याशिवाय आजच्या अधिवेशनांकडून काय मागायचं ते ठरवता येत नाही.

कोल्हापुरात वाचनालय १८५० चं (आजचं करवीर नगर वाचन मंदिर) आणि राजाराम कॉलेज १८८० चं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा ज्यांच्या घरात अक्षर नव्हतं अशी मुलं वर्गात येऊन बसली. भाषा शिकवणाऱ्यापुढचा खरा पेच तिथेच सुरू झाला : मुलाच्या तोंडात एक मराठी, पुस्तकात दुसरी. या पेचावर बोलायला शिक्षकाला जागा मात्र कुठलीच नव्हती. तो जमायचा तो साहित्य संमेलनात. १९३२ चं संमेलन कोल्हापुरात झालं, अध्यक्ष होते बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. त्याच काळात माधव जूलियन राजाराम कॉलेजात शिकवत होते आणि मराठीतल्या परभाषी शब्दांबद्दलचा वाद हिरिरीने लढवत होते. वि. स. खांडेकर १९३८ मध्ये कोल्हापूरला आले ते शिरोड्याच्या शाळेत अठरा वर्षं मास्तरकी करून. म्हणजे भाषेचे उत्तम शिक्षक या व्यवहारात होते, पण लेखक म्हणून. वर्गात काय चालतं, मुलाला काय कळत नाही, हा संमेलनाचा विषय कधीच नव्हता. संघटना शिक्षकांच्याही होत्या, पण त्यांना पगार, बदल्या आणि सेवाशर्तींशी झुंजावं लागे, आणि ते काम गरजेचंच होतं.

१९६२ हे वर्ष इथे महत्त्वाचं. १८ नोव्हेंबरला शिवाजी विद्यापीठ सुरू झालं, डॉ. अप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू. त्याच वर्षी मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम सरकारने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चार घातले गेले. जुन्या पद्धतीने घोटलेला हात नव्या ऱ्हस्व-दीर्घाकडे वळवणं, आधी स्वतःचा आणि मग मुलांचा, हा त्या पिढीच्या मराठी शिक्षकांनी सोसलेला पहिला मोठा ‘बदल’. त्यात यंत्राचा संबंध नव्हता, पण पुढे प्रत्येक बदलात जे प्रश्न आले ते तेव्हाही होते : नवं कोण शिकवणार, शंका कुणाला विचारायची, तपासताना एकवाक्यता कशी राखायची.

या प्रश्नांना रीतसर उत्तर सुचवलं ते देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाने, १९६४ ते १९६६ या काळात. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातल्याच बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा. या आयोगाने विषयवार शिक्षकांच्या संघटना व्हाव्यात असं सांगितलं : एका विषयाचे शिक्षक एकत्र आले की प्रयोग करतील, साहित्य तयार करतील, एकमेकांना सुधारतील. दुसरी शिफारस शाळा-समूहाची. एक हायस्कूल आणि भोवतालच्या प्राथमिक शाळा यांनी मिळून काम करायचं, म्हणजे चौथीचा आणि दहावीचा शिक्षक एका टेबलाशी बसतील. कोल्हापूरच्या शिक्षकांना नाईकांचं नाव माहीत असतं, पण या दोन शिफारशी फारशा आठवत नाहीत, याची मला खंत वाटते.

जगातही तेव्हा हेच घडत होतं. इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या संघटनांपैकी अमेरिकेत टेसॉल १९६६ ची, ब्रिटनमध्ये आयटेफल १९६७ ची. भारतातल्या इंग्रजी शिक्षकांची एल्ताई ही संघटना १९७४ मध्ये चेन्नईत उभी राहिली. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला राजाराम कॉलेजचे प्राचार्य असलेले वि. कृ. गोकाक पुढे हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे संचालक झाले, ती संस्था १९५८ ची. इंग्रजी ‘कशी’ शिकवायची याचं शास्त्र असतं, हा विचार अशा संस्थांमधून देशभरच्या कॉलेजांत पोचला. मराठी-हिंदीच्या बाजूला मात्र अध्यापनशास्त्र बी.एड.च्या वर्गापुरतं राहिलं. कॉलेजातला मराठीचा प्राध्यापक स्वतःला साहित्याचा अभ्यासक मानत आला, भाषेचा शिक्षक क्वचितच. त्याचे परिणाम आजच्या चर्चासत्रांतही दिसतात.

शिवाजी विद्यापीठ परिसरात हळूहळू तिन्ही भाषांच्या संघटना झाल्या : मराठी शिक्षक संघ, इंग्रजी शिक्षकांची संघटना, हिंदी प्राध्यापक परिषद. वार्षिक अधिवेशन हा त्यांचा कणा. अधिवेशन कुठल्या तरी कॉलेजाकडे असतं, जेवणाखाण्याची व्यवस्था यजमानांची, रात्री मुक्काम आणि गप्पा. या अधिवेशनांचं मोठेपण व्यासपीठावरच्या भाषणांइतकंच अभ्यासक्रमावरच्या खडाजंगीत होतं. नेमलेला कवितासंग्रह बाजारात मिळत नाही, प्रश्नपत्रिकेचं स्वरूप ऐनवेळी बदललं, तिसऱ्या सत्राचा पेपर मुलांना झेपत नाही, हे अभ्यास मंडळावरच्या माणसांना तोंडावर सांगायची ती जागा होती.

रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्ही या लाटांचा भाषेच्या वर्गावर फार खोल ठसा उमटला नाही. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ पासून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा दूरदर्शनवरचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ १५ ऑगस्ट १९८४ ला सुरू झाला, पण तो इंग्रजीत. नंतर कॉलेजांना भाषा-प्रयोगशाळा मिळाल्या, हेडफोनच्या रांगा लागल्या, आणि ज्यांना त्या वापरायच्या होत्या त्यांचं प्रशिक्षण राहून गेलं.

खरी उलथापालथ केली ती संगणकावरच्या मराठीने, आणि ती वर्गातून न येता अधिवेशनाच्या कागदातून आली. नव्वदच्या दशकात शोधनिबंध टंकलेखनाकडून डीटीपीकडे, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीकडे, गेले. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशी मराठी टाइप करायची सॉफ्टवेअर होती, प्रत्येकाची सांकेतिक रचना वेगळी. एका फाँटमध्ये टाइप केलेला निबंध दुसऱ्या संगणकावर उघडला की ‘मराठी’च्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांचा ढीग दिसे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये ठरलं होतं, जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या प्रमाणाच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण छापखान्यात पानं मांडायला पेजमेकर हे सॉफ्टवेअर चाले आणि पेजमेकरला युनिकोडमधली देवनागरी जोडाक्षरं मांडता येत नसत. त्यामुळे लिहिणारा युनिकोडला वळला तरी छपाईसाठी मजकूर पुन्हा जुन्या फाँटात न्यावा लागे. या रूपांतरात वेलांट्या सरकत, रफार भलत्याच अक्षरावर बसत, आणि ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’मधला र तर हमखास बिघडे. मुद्रितं तीनदा तपासूनही स्मरणिकेत चुका राहत त्या यामुळे. युनिकोडमध्ये तो र नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त लावून लिहायचा असतो, हे अनेकांना सहकाऱ्याने शेजारी बसून दाखवलं तेव्हाच कळलं. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, आणि राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ घेतले. पुढे १० नोव्हेंबर २०२२ ला ‘ल’ आणि ‘श’ची वळणं पुन्हा ठरवून दिली गेली.

याची किंमत आपण अजून मोजतो आहोत. दीड-दोन दशकांचे निबंध जुन्या फाँटांत अडकून आहेत. गूगलवर शोधलं तर ते सापडत नाहीत, आणि आजची यंत्रं ज्या मजकुरावरून मराठी शिकतात त्यातही ते असण्याची शक्यता नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून युनिकोडमध्ये उभा राहत होता. आमच्या अधिवेशनांनी त्याच वेळी हा मार्ग धरला असता, तर तीन जिल्ह्यांतलं बोलींवरचं, लोकसाहित्यावरचं, अध्यापनावरचं मोठं काम आज हाताशी असतं.

दुसरं वळण गुणांचं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणपद्धती आणली. निबंध वाचला की आंतरराष्ट्रीय परिषदेला दहा, राष्ट्रीयला साडेसात, राज्य पातळीला पाच, स्थानिकला तीन गुण. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनातही परिषदांची मोजदाद होतीच. मग परिषदांना पूर आला. सकाळी रोपाला पाणी घालून उद्घाटन, प्रास्ताविक, सत्कार, बीजभाषण. तेवढ्यात दुपार होते आणि शंभरावर निबंध समांतर सत्रांत उरकायचे, एकेकाला पाच मिनिटं. महिनाभर खपून बोलीभाषेच्या वर्गातला अनुभव लिहिलेला तरुण प्राध्यापक ‘सर, आटोपतं घ्या’ ही चिठ्ठी हातात घेऊन खाली बसतो. त्याला प्रश्न विचारायला समोर कुणी नसतं, कारण प्रमाणपत्रांची रांग लागलेली असते. हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं आहे. दोष आयोजकांपेक्षा पद्धतीचा जास्त. २०१८ च्या नियमांत हे गुण कमी झाले आणि भर आयोगाने मान्य केलेल्या नियतकालिकांच्या केअर यादीवर गेला. ती यादीही २०२५ मध्ये बंद झाली.

शाळेच्या बाजूला गोष्ट वेगळी घडली आणि मला ती जास्त आशादायक वाटते. २००० मध्ये पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हा आयुष्यात इंग्रजी न बोललेल्या गुरुजींना ती शिकवावी लागली. २०१५ मध्ये राज्य सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला आणि ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रूढ झाला. साताऱ्याच्या कुमठे बीट या शाळागटातल्या शाळा बघायला राज्यभरचे शिक्षक जात होते, त्यात कोल्हापूरचेही. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापले गेले, दीक्षा हे अध्ययनसाहित्याचं ॲप आलं. दहावीला भाषेची प्रश्नपत्रिका जाऊन कृतिपत्रिका आली, तेव्हा नमुना कृतिपत्रिका तालुक्या-तालुक्यांतल्या शिक्षकांनी स्वतः बनवून व्हॉट्सॲपवर फिरवल्या. जवळपासच्या शाळांच्या केंद्राची दरमहा शिक्षण परिषद भरते, तीत बीजभाषण नसतं. एखादी बाई पाठ घेऊन दाखवते, बाकीचे बघतात, मग चर्चा होते. नाईकांच्या आयोगाला अभिप्रेत असलेलं काम ते हेच.

मार्च २०२० नंतर सगळंच पडद्यावर गेलं. वेबिनारांचा सपाटा लागला, अर्ज भरला की ई-प्रमाणपत्र. त्यातलं बरंचसं वाया गेलं. पण चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीच्या शिक्षकाला रजा आणि एसटीचा प्रवास न करता देशातल्या कुठल्याही अभ्यासकाला ऐकता आलं, प्रश्न विचारता आला, हे पहिल्यांदा घडलं. रेंजसाठी टेकडीवर जावं लागलं तरी. ही सोय अधिवेशनांनी नंतर सोडून द्यायला नको होती.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता. गूगल भाषांतरात मराठी २०१३ मध्ये आली, बोलून टाइप करणं २०१७ मध्ये, भारतीय भाषांतल्या भाषांतरासाठीची केंद्र सरकारची भाषिणी योजना २०२२ मध्ये. यावरच्या परिषदांत ‘संधी आणि आव्हाने’ या मथळ्याखाली सर्वसाधारण बोललं जातं. त्यापेक्षा फोन हातात घेऊन बसलेली कार्यशाळा कितीतरी शिकवते. कागलच्या मुलाने फोनला ‘काल कुठं गेलतास रं’ असं विचारून पाहावं. कधी ‘गेल तास’ असं तुटून उमटतं, कधी भलताच शब्द येतो, कधी यंत्र परस्पर प्रमाण मराठी करून टाकतं. १९१७ नंतर वर्गात आलेल्या मुलाच्या तोंडची मराठी आणि पुस्तकातली मराठी यांच्यातलं अंतर यंत्राने नव्याने पुढ्यात ठेवलं आहे, आणि त्यावर बोलायचा अधिकार भाषेच्या शिक्षकाइतका कुणाचाच नाही. गृहपाठाचं काय करायचं, हा दुसरा तातडीचा प्रश्न. काही जण वर्गातच हाताने लिहून घेतात, काही तोंडी परीक्षेकडे वळले आहेत, काही यंत्राचा मसुदा देऊन मुलांना त्यातल्या चुका काढायला लावतात. या तिन्ही वाटांचे अनुभव एकत्र मांडले जायला हवेत.

हे चालू असतानाच पायाखालची जमीनही हलते आहे. नवं शैक्षणिक धोरण राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं आणि भाषा विभागांचा कार्यभार किती उरणार ही धास्ती प्रत्येक अधिवेशनात ऐकू येते. मुद्रितशोधन, अनुवाद, सूत्रसंचालन असे कौशल्याचे पेपर आले, ते शिकवणाऱ्यांनी स्वतः कधी ते काम केलेलं नसतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा निर्णय निघाला आणि विरोधानंतर २९ जूनला मागे घेतला गेला. त्या अडीच महिन्यांत पहिलीच्या वर्गात तीन भाषा कशा शिकवायच्या, हे प्रत्यक्ष पहिलीला शिकवणाऱ्यांना विचारलं गेल्याचं फारसं दिसलं नाही.

म्हणून येत्या अधिवेशनांपुढे काही साध्या मागण्या ठेवाव्याशा वाटतात. तिन्ही भाषांच्या संघटनांनी एक दिवस तरी एकत्र बसावं, कारण मुलगा एकच आहे. एका सत्राला जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांना वक्ते म्हणून बोलवावं आणि त्यांच्या कर्तव्य रजेची सोय शिक्षणाधिकारी कार्यालयाकडून आधीच करून घ्यावी. निबंध पंधराच ठेवावेत, पण प्रत्येकाला अर्धा तास द्यावा. आणि जुन्या स्मरणिकांमधले निबंध युनिकोडमध्ये आणून सर्वांसाठी खुले करायचं काम एम.ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्यावं. मुद्रितशोधनाचा पेपर अभ्यासक्रमात आहेच.