नाव न दिसणारा गॉगल: घेताना काय पाहावे, वापरताना काय सांभाळावे

काडीवर ठसठशीत अक्षरे, कोपऱ्यात चकाकणारे खडे आणि अर्धा चेहरा झाकणारी काच, असे गॉगल बरीच वर्षे चालले. आता मागणी पुन्हा साध्या आकारांकडे वळली आहे. काळी किंवा तपकिरी फ्रेम, बेताचा आकार, आणि नाव असलेच तर काडीच्या आतल्या बाजूला. आम्हाला हा बदल मनापासून आवडतो. साध्या गॉगलमध्ये दोष लपवायला जागाच नसते. अक्षरे आणि खडे गेले की उरतात माप, फ्रेमचे साहित्य, बिजागरी आणि काच. या चारही गोष्टी ग्राहकाला दुकानात उभ्या उभ्या तपासता येतात. त्या कशा तपासायच्या, ते इथे सांगितले आहे.

जुने आकार आले कुठून

आज ज्यांना आपण 'क्लासिक' म्हणतो, त्यांतले बरेच आकार कामाच्या गरजेतून आले. बॉश अँड लॉम्ब कंपनीने १९३७ साली बाजारात आणलेला एव्हिएटर वैमानिकांसाठी होता. वैमानिकाची नजर आकाशावरून खाली मापकांकडे आणि परत वर अशी सतत फिरते. ती खाली गेली तरी काचेबाहेर पडू नये, म्हणून एव्हिएटरची काच थेंबासारखी गालाकडे उतरते. वरून जाड आणि खालून फक्त तारेची कड असलेली 'ब्राउलाइन' फ्रेम शुरॉन कंपनीने १९४७ साली आणली. जाड प्लास्टिकच्या फ्रेमच्या वेफेररचे आरेखन रेमंड स्टेगमन यांनी १९५२ साली केले. पेर्सोल कंपनीचा ६४९ हा नमुना १९५७ साली इटलीतल्या तुरीन शहराच्या ट्रामचालकांसाठी केला होता. वारा आणि धूळ डोळ्यांत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

हा इतिहास निवडीच्या वेळी उपयोगी पडतो. मूळ वेफेररची वरची कड पुढे झुकलेली असते, त्यामुळे खालची कड गालाच्या जवळ येते. ज्यांचे गाल वर आलेले आहेत त्यांच्या चेहऱ्यावर ती हसताना टेकते आणि अख्खा गॉगल वर उचलला जातो. कमी झुकावाची नवी आवृत्ती त्यांना बरी बसते. म्हणून कुठलाही गॉगल लावून आरशासमोर एकदा मोकळे हसून पाहा. फ्रेम हलली, तर तो आकार कितीही आवडला असला तरी तुमच्यासाठी नाही.

काडीच्या आतले आकडे

काडीच्या आत '५२ □ १८ १४५' असे काहीतरी छापलेले असते. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची रुंदी, तिसरा काडीची लांबी. सगळी मापे मिलिमीटरमध्ये. मधला चौकोन हे चिन्ह आहे, तो आकडा नव्हे. सध्या वापरात असलेला आणि नीट बसणारा चष्मा घरी असेल तर त्याचे हे तीन आकडे लिहून घ्या. कागदावर काढलेल्या चेहऱ्याच्या आकारांपेक्षा हे आकडे कितीतरी जास्त कामाचे.

काचेच्या रुंदीत २ मिलिमीटरचा फरक चालतो. पुलाच्या रुंदीत तेवढाच फरक जाणवतो, कारण अॅसिटेट या प्लास्टिकच्या साध्या फ्रेमला हलवता येणारे नोजपॅड, म्हणजे नाकावर टेकणाऱ्या छोट्या गाद्या, नसतात. पूल रुंद असेल तर गॉगल नाकावर खाली घसरतो. अरुंद असेल तर तो वर अडकतो आणि नाकाच्या दोन बाजूंना लाल खुणा पडतात. बारीक किंवा बसक्या नाकाला नोजपॅड असलेली तारेची फ्रेम घ्यावी, किंवा अॅसिटेटमध्येच नाकाकडचा भाग उंच केलेला प्रकार मागावा. फ्रेमची एकूण रुंदी कानशिलांच्या रुंदीएवढी असावी. काड्या कानशिलावर दाबत असतील किंवा बाहेरून बोट सहज जात असेल, तर माप चुकले आहे.

गॉगल घसरतो ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. यावर लोक काड्या आत वाकवून घट्ट करून घेतात, आणि तिथेच चूक होते. काडी कानापर्यंत पोचण्याआधीच डोक्याला दाबू लागली, तर डोके पाचरीसारखे काम करते आणि फ्रेम उलट पुढे ढकलली जाते. घसरणे थांबते ते कानामागच्या वळणाने. काडी कानाच्या वरच्या टोकापर्यंत सरळ जावी, तिथेच खाली वळावी आणि कानामागच्या हाडाला हलकी चिकटून राहावी. वळण कानाच्या मागे फार दूर असेल तर गॉगल घसरणारच, मग कितीही घट्ट करा. काड्या साधारण १३५ ते १५० मिलिमीटरपर्यंत ५-५ च्या टप्प्याने मिळतात.

घेण्यापूर्वी आणखी एक तपासणी करा. काड्या उघडून गॉगल सपाट टेबलावर उलटा ठेवा. दोन्ही काचांच्या वरच्या कडा आणि दोन्ही काड्या जिथे कानाकडे वळतात ते भाग अशा चार जागा टेबलाला टेकल्या पाहिजेत. एक जागा अधांतरी राहिली तर फ्रेम पिळलेली आहे. हा दोष दुकानात गरम करून बहुतेक वेळा काढता येतो, पण तो घरी नेण्याआधी काढून घ्यावा.

फ्रेम: अॅसिटेट की साचातले प्लास्टिक

दोन्ही लांबून सारखेच दिसतात, फरक कडेला कळतो. अॅसिटेट सेल्युलोजपासून, म्हणजे कापसाच्या तंतूंपासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून बनते. त्याच्या जाड पत्र्यातून फ्रेम कापून काढतात, मग लाकडाचे तुकडे असलेल्या फिरत्या पिंपांत ती काही दिवस घासून गुळगुळीत करतात. रंग पत्र्यातच आरपार असतो. त्यामुळे कासवाच्या पाठीसारखी नक्षी फ्रेमच्या पुढे, मागे आणि कडेवर सलग उतरलेली दिसते, आणि डावी-उजवी बाजू कधीच तंतोतंत सारखी नसते. साचात ओतलेल्या प्लास्टिकवर नक्षी वरून छापलेली असते. ती आतल्या बाजूला नसते, किंवा कडेला येऊन अचानक थांबते. वर्षभरात कानाजवळ आणि नाकाजवळ ती झिजून खालचा रंग उघडा पडतो. (एकेकाळी या फ्रेम खरोखर हॉक्सबिल कासवाच्या कवचाच्या असत. त्या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आता बंदी आहे, आणि चांगल्या अॅसिटेटमुळे त्याची गरजही उरलेली नाही.)

ओतीव प्लास्टिक म्हणजे टाकाऊ, असे मात्र समजू नका. नायलॉनच्या जातीचे लवचिक प्लास्टिक हलके असते, वाकले तरी मोडत नाही, आणि धावताना किंवा सायकलवर तेच बरे. फक्त ते गरम करून अॅसिटेटसारखे हवे तसे वळवता येत नाही. रोजच्या वापरासाठी, ओरखडे पॉलिश करून घेण्याच्या आणि दोन-चार वर्षांनी पुन्हा बसवून घेण्याच्या हिशेबाने, आम्ही अॅसिटेटच सुचवतो.

बिजागरी

काडी उघडून बिजागरीचे दात मोजा. तीन दातांची बिजागरी हलक्या फ्रेमला पुरते. जाड अॅसिटेटला पाच दातांची हवी. काडी अर्धी उघडून सोडली तर ती आपोआप खाली पडू नये आणि उघडताना खरखरही होऊ नये. पुढच्या कोपऱ्यांवर चमकणारे दोन ठिपके असतील तर फ्रेम आतून पाहा. पूर्वी हे ठिपके म्हणजे बिजागरीची पट्टी धरून ठेवणाऱ्या रिव्हेटची डोकी असत. आज अनेक फ्रेमवर ते केवळ शोभेला चिकटवलेले असतात आणि बिजागरी गरम करून प्लास्टिकमध्ये दाबून बसवलेली असते. नीट बसवली असेल तर दोन्ही पद्धती टिकतात, पण दाबून बसवलेली बिजागरी उपटली गेली की दुरुस्ती अवघड होते. एका हाताने ओढून गॉगल काढण्याच्या सवयीने ती उपटली जाते. नेहमी दोन्ही हातांनी काढा.

काच: गडद म्हणजे सुरक्षित नव्हे

सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. काचेचा गडदपणा आणि अतिनील किरणांपासून संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते. त्या काचेला अतिनील गाळणी नसेल, तर त्या मोठ्या बाहुलीतून किरणे आत जाण्याचा धोका वाढतो. त्यामुळे असा गॉगल न लावण्यापेक्षाही वाईट ठरू शकतो. 'यूव्ही ४००' याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतची किरणे अडवली जातात. चांगली गाळणी असलेली फिकी काचही हे काम पूर्ण करते.

गडदपणाचे वर्ग ० ते ४ असे असतात आणि ते बहुधा काडीच्या आत छापलेले असतात. वर्ग १ मधून ४३ ते ८० टक्के उजेड आत येतो, वर्ग २ मधून १८ ते ४३, वर्ग ३ मधून ८ ते १८, आणि वर्ग ४ मधून फक्त ३ ते ८ टक्के. उन्हातल्या नेहमीच्या वापराला वर्ग ३ योग्य. वर्ग ४ बर्फाळ डोंगरांसाठी आणि समुद्रासाठी. तो लावून वाहन चालवू नये. रात्री तर कोणताही रंगीत गॉगल लावून चालवू नये.

राखाडी काच रंग जसेच्या तसे दाखवते. तपकिरी काच निळा उजेड कमी करते, म्हणून वस्तूंच्या कडा जास्त उठून दिसतात. हिरवट काच या दोन्हींच्या मधली. साध्या फ्रेमला हे तीनच रंग शोभतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. आरशासारखा मुलामा चांगल्या आकाराची शोभा घालवतो.

पोलराइज्ड काच पाण्यावरून आणि ओल्या रस्त्यावरून येणारी आडवी चकाकी कापते. मासेमारी, नौकानयन आणि लांबचा प्रवास यांत तिचा फार उपयोग होतो. तपासायला ती मोबाइलच्या पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात पडदा बराच काळा पडला, तर काच पोलराइज्ड आहे. हाच तिचा तोटाही आहे, कारण काही यंत्रांचे पडदे तिच्यातून दिसत नाहीत. त्यामुळे वैमानिकांना ती लावू नये असा सल्ला दिला जातो. एव्हिएटर घेताना पोलराइज्ड काच हवीच, असे मुळीच नाही.

काचेचा दर्जा पाहायला गॉगल हातभर अंतरावर धरा आणि काचेतून दाराच्या उभ्या चौकटीकडे पाहत तो डावी-उजवीकडे हलवा. रेघ लाटेसारखी हलली, तर काच खराब ओतलेली आहे. अशा काचेने तासाभरात डोके जड होते, आणि दोष उन्हाला दिला जातो.

नंबरची काच बसवायची असेल तर एक छोटा हिशेब करा. काचेची रुंदी आणि पुलाची रुंदी यांची बेरीज घ्या. ५२ आणि १८ मिळून ७० झाले. तुमच्या दोन बाहुल्यांमधले अंतर ६२ असेल, तर फरक ८, म्हणजे प्रत्येक भिंगाचा मध्य ४ मिलिमीटर आत सरकवावा लागेल. मायनस नंबर मोठा असेल तर भिंगाची बाहेरची कड तेवढी जाड होते. लहान फ्रेम घेतली की हा फरक कमी होतो, आणि अॅसिटेटची जाड कड उरलेली जाडी झाकते. खऱ्या काचेच्या भिंगात रंग आतपर्यंत भिनलेला असतो. त्यामुळे मोठ्या नंबरात जाड भाग जास्त काळा दिसतो. प्लास्टिकच्या भिंगात रंग पृष्ठभागात शोषलेला असल्याने तो सगळीकडे सारखा दिसतो.

सांभाळ

कोरड्या काचेवर कापड फिरवू नका. सदऱ्याचे टोक तर नाहीच. धूळ कापडाखाली सापडते आणि ओरखडे तिनेच पडतात. आधी कोमट पाण्याखाली धरा, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब बोटाने फिरवा, धुवा, मग मऊ मायक्रोफायबरने टिपा. अॅसिटोनचा थेंबसुद्धा अॅसिटेट विरघळवतो, म्हणून नेलपॉलिश काढण्याचे द्रव जवळ आणू नका. अत्तर आणि केसांचा स्प्रे आधी मारा, गॉगल नंतर लावा.

बंद गाडीच्या काचेमागे ठेवलेल्या गॉगलचे दोन प्रकारे नुकसान होते. अॅसिटेट मऊ पडून वळण सोडते, आणि काचेवरच्या मुलाम्याला जाळीसारख्या बारीक चिरा जातात. पहिला दोष दुरुस्त होतो, दुसऱ्याला काच बदलण्याशिवाय उपाय नाही. कानाजवळ फ्रेम पांढुरकी झाली असेल तर घाबरू नका. घाम आणि उन्हामुळे वरचा थर कोरडा पडलेला असतो, पॉलिश केल्यावर चमक परत येते.

सोबतच्या वस्तू

बेल्ट आणि घड्याळ यांनाही हाच न्याय लावा. औपचारिक पँटला ३ ते ३.५ सेंटिमीटर रुंदीचा बेल्ट, जीन्सला ४ चा. नेहमीच्या मापाला मधल्या भोकात बक्कल बसले पाहिजे. चुरा चिकटवून केलेल्या कातड्याचे पापुद्रे काही महिन्यांत निघू लागतात. कापलेल्या कडेला तंतू दिसत नसतील आणि कड रबरासारखी एकसंध असेल, तर तोच प्रकार समजा. घड्याळाचा पट्टा घेताना पट्टा जिथे अडकतो त्या दोन शिंगांमधले अंतर मोजा. ते बहुधा १८, २० किंवा २२ मिलिमीटर असते, आणि १ मिलिमीटरची फटसुद्धा लगेच दिसते. गॉगलची तार, बक्कल आणि घड्याळ यांचा धातू एकाच रंगाचा ठेवला की बाकी काही जुळवावे लागत नाही. ज्यांना निकेलने खाज येते त्यांनी टायटॅनियमची फ्रेम घ्यावी.

निवडीसाठी येताना जुना चष्मा, नंबरचा कागद आणि बाहुल्यांमधल्या अंतराचे माप सोबत आणा. नवी फ्रेम आठवडाभर वापरून झाली की पुन्हा एकदा बसवून घ्या. कानामागचे वळण बरोबर जागी आहे की नाही, हे तोपर्यंत तुमच्या लक्षात आलेले असते. बिजागरीचे स्क्रूही त्याच वेळी तपासून घ्या.