ब्राउझर सतत अपडेट का मागतो, आणि त्याचं रूप का बदलतं?

"भाऊ, काल लोंग बठ्ठं बरोबर व्हतं, आज हाई काय व्हयनं?"

असा फोन आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेहमी येतो. कधी रावेरहून केळीच्या व्यापाऱ्यांचा, कधी अमळनेरातल्या पतसंस्थेचा, कधी सातबारा आणि पीक विम्याची कामं करणाऱ्या सेवा केंद्राचा. ब्राउझरमध्ये, म्हणजे साइट उघडायच्या क्रोमसारख्या प्रोग्राममध्ये, बटणाची जागा बदललेली असते, बुकमार्कची पट्टी सापडत नाही, आणि बाहेर माणसं खोळंबलेली असतात. मग म्हणणं येतं, "ते अपडेट बंदच करून टाका." तुमचा त्रास खरा आहे, पण अपडेट आम्ही बंद करून देत नाही.

हिशेबाची टॅली उघडली की त्यात तुमच्याच नोंदी असतात. ब्राउझरचं तसं नाही. तुम्ही उघडाल त्या प्रत्येक पानाबरोबर परक्या माणसाने लिहिलेला कोड, म्हणजे मशीनला दिलेल्या सूचना, तो तुमच्या मशीनवर आणतो आणि चालवतो. त्याच मशीनवर तुमचं बँकेचं खातं आणि जीएसटीचा पासवर्ड असतो. परक्या कोडला कुंपणात ठेवायचं काम ब्राउझरचं, आणि त्या कुंपणाला कुठे ना कुठे भोक सापडतच राहतं.

क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह हे सगळे क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत, आणि क्रोमियमचा कोड जगाला खुला आहे. त्यामुळे भोक बुजवलं की ती दुरुस्तीही कोणालाही वाचता येते. चोर तीच वाचतो आणि ज्यांनी अजून अपडेट घेतलं नाही त्यांच्याकडे वळतो. म्हणजे दुरुस्ती जाहीर झाल्यापासून ती तुमच्या मशीनवर पोचेपर्यंतचे दिवस जास्त धोक्याचे. ते कमी व्हावेत म्हणूनच क्रोमने ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली. पूर्ण नवी आवृत्ती आधी सहा आठवड्यांनी यायची, ती २०२१ मध्ये चार आठवड्यांवर आली. फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरची नवी आवृत्तीही २०२० मध्ये चार आठवड्यांवर आली.

आता रूप बदलण्याबद्दल. सगळेच बदल ग्राहकाच्या भल्याचे असतात असं आम्ही म्हणणार नाही. मोबाइल आणि कॉम्प्युटरवर सारखं दिसावं, कंपनीच्या इतर सेवा डोळ्यांसमोर याव्यात, हीही कारणं असतात. पण साइटच्या पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह क्रोमने काढलं, ते मात्र योग्यच झालं. त्या कुलपाचा अर्थ इतकाच होता की तुमची माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे, असं ते कधीच सांगत नव्हतं. लोक मात्र कुलूप पाहून निर्धास्त होत, आणि बँकेची नक्कल करणाऱ्या बनावट साइटवरही तेच कुलूप दिसे. म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये कॉम्प्युटरवरच्या क्रोमने तिथे दोन आडव्या रेघा आणि दोन गोल असं साधं चिन्ह आणलं. पैशाचं काम करताना चिन्ह बघू नका, पत्त्याचं एकेक अक्षर वाचा.

विंडोज ७ किंवा ८.१ वापरत असाल, तर तुमचा क्रोम १०९ व्या आवृत्तीवर थांबला आहे. तो अपडेट मागत नाही म्हणून बरं वाटत असेल, पण त्याला दुरुस्त्या येणंच बंद झालं आहे. अशा मशीनवर बँकेचं काम करू नका. मशीन दुकानात आणा. नवी विंडोज त्यावर चालेल का, ते बघून सांगू.

अपडेट पडद्यामागे गुपचूप उतरतं, पण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय लागू होत नाही. आठ-आठ दिवस मशीन चालूच ठेवणाऱ्यांनी रात्री दुकान वाढवताना ब्राउझर बंद करावा. तपासायचं असेल तर क्रोममध्ये उजवीकडच्या तीन ठिपक्यांत मदत, आणि त्यात क्रोमविषयी माहिती उघडा. आवृत्तीचा क्रमांक तिथे दिसतो, आणि राहिलेलं अपडेटही तिथूनच सुरू होतं.

एखाद्या साइटच्या पानातच "तुमचा ब्राउझर जुना झाला, इथे दाबा" असं आलं, तर दाबू नका. ते अपडेट नव्हे. पान बंद करा आणि आम्हाला फोन करा. बटण हरवलं असेल तरीही करा, फोनवरच शोधून देऊ. त्याचे पैसे नाहीत.