कीटोची पार्श्वभूमी: फिटच्या वॉर्डातून नाशिकच्या ताटापर्यंत

कॉलेज रोड असो, गंगापूर रोड असो की इंदिरानगर, नाशकात सकाळी फिरायला निघालेल्या घोळक्यांत गुडघेदुखी आणि मुलांच्या अ‍ॅडमिशनपाठोपाठ विषय निघतो तो वजनाचा. आणि वजनाचा विषय निघाला की हल्ली कीटोचं नाव येतंच. ‘अहो वहिनी, पोळी-भात बंद केला, तूप-पनीर वाढवलं, महिन्यात चार किलो उतरलं,’ असं कोणी सांगितलं की ऐकणाऱ्या दोघी-तिघी सोमवारपासून सुरू करायचं ठरवूनच घरी परततात. हा आहार मुळात कोणासाठी तयार झाला, हे त्या गप्पांत कधी येत नाही. ते सगळ्यांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. कीटो तयार झाला तो फिट येणाऱ्या लहान मुलांसाठी. हॉस्पिटलात, डॉक्टरांच्या नजरेखाली, एकेक ग्रॅम मोजून द्यायचा तो उपचार होता. वजन उतरवायला लोकांनी तो उचलला तेव्हा पदार्थांची यादी तेवढी सोबत आली, मोजमाप आणि देखरेख मागे राहिली.

रोग्याला उपाशी ठेवलं की आकडी थांबते, हे निरीक्षण ग्रीक वैद्यांच्या काळापासूनचं आहे. आधुनिक काळात 1911 मध्ये पॅरिसच्या गेल्पा आणि मारी या दोन डॉक्टरांनी अपस्माराच्या रुग्णांवर उपासाचा उपचार करून त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. त्याच सुमारास अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक गावी ह्यू कॉन्क्लिन नावाचा ऑस्टिओपॅथ, म्हणजे हाडं-स्नायू हाताने दाबून उपचार करणारा वैद्य, फिटच्या मुलांना कित्येक दिवस फक्त पाण्यावर ठेवायचा. आतड्यातल्या विषामुळे फिट येतात, ही त्याची समजूत चुकीची होती, तरी बऱ्याच मुलांच्या फिट थांबायच्या. न्यूयॉर्कच्या एका श्रीमंत गृहस्थाचा मुलगा त्याच्याकडे जाऊन सुधारला. या गृहस्थाचे भाऊ जॉन हाउलंड हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बालरोगाचे प्राध्यापक. उपासात शरीरात नेमकं काय घडतं ते शोधून काढा, म्हणून त्या बापाने 1919 मध्ये पाच हजार डॉलर दिले. कीटोच्या इतिहासातला हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. मूल बरं झाल्यावर चमत्कार म्हणून हात जोडून तो गप्प बसला नाही, कारण शोधायला त्याने पैसे मोजले.

उपासाची अडचण उघड होती. मूल किती दिवस उपाशी ठेवणार? जेवायला लागलं की फिट परत. 1921 मध्ये रोलिन वुडयाट या अमेरिकन डॉक्टरांनी नोंदवलं की उपाशी माणसाच्या शरीरात जे पदार्थ तयार होतात, तेच पोटभर खाणाऱ्याच्याही शरीरात तयार होतात, फक्त खाण्यात कर्बोदकं अगदी कमी आणि मेद भरपूर हवा. हे पदार्थ म्हणजे कीटोन. त्याच वर्षी मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी पुढचं पाऊल टाकलं: मुलाला उपाशी ठेवण्यापेक्षा असा आहार द्या की शरीराला उपास चालू आहे असंच वाटेल. कीटोजेनिक डाएट हे नाव त्यांनीच दिलं.

यामागची शरीरातली घडामोड समजून घेण्यासारखी आहे. भात, पोळी, साखर, फळं यांतून मिळणारी साखर शरीर आधी वापरतं आणि उरलेली यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठवतं. यकृतातला हा साठा साधारण शंभर ग्रॅमचा, दिवसभराच्या उपासात जवळपास संपणारा. मग चरबी मोडून शरीराची गरज भागू लागते. पण मेंदूला चरबी थेट वापरता येत नाही. म्हणून यकृत चरबीपासून कीटोन बनवतं आणि मेंदू त्यांवर चालतो. कीटो करणाऱ्याच्या श्वासाला येणारा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास याच कीटोनांपैकी एकाचा, अ‍ॅसिटोनचा.

पहिल्या आठवड्यात वजन झरझर का उतरतं, तेही इथेच कळतं. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत शरीर अंदाजे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. ग्लायकोजेन गेलं की ते पाणीही जातं. काटा दोन-तीन किलो खाली येतो, त्यात चरबीचा वाटा थोडाच असतो. भात पुन्हा सुरू केला की तेवढं वजन दोन-चार दिवसांत परत येतं आणि माणूस खचतो. त्याला हे आधी कोणी सांगितलेलं नसतं.

मेयोतलेच बालरोगतज्ज्ञ मायनी पीटरमन यांनी वाइल्डरच्या कल्पनेला रोजच्या जेवणाचं रूप दिलं. मुलाच्या वजनाच्या दर किलोला एक ग्रॅम प्रथिनं, दिवसाला फक्त 10 ते 15 ग्रॅम कर्बोदकं, बाकी सगळे उष्मांक मेदातून. फिट कमी होण्याबरोबरच मुलांची झोप, वागणूक आणि तरतरी सुधारल्याच्याही नोंदी त्यांनी ठेवल्या. आजही अपस्मारासाठी दिला जाणारा मूळ कडक कीटो याच हिशेबाच्या जवळ आहे: चार ग्रॅम मेदामागे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक ग्रॅम. घरात हे कसं दिसतं? ओट्यावर ग्रॅम दाखवणारा काटा. त्यावर साय मोजायची, लोणी मोजायचं, अंड्याचा बलक मोजायचा आणि वाटीच्या कडेला चिकटलेलं तूपसुद्धा बोटाने पुसून मुलाच्या तोंडात घालायचं, कारण तेही हिशेबात धरलेलं असतं. शेजारच्या काकूंनी प्रेमाने हातावर ठेवलेला एक पेढाही हा हिशेब बिघडवू शकतो. एवढी शिस्त वर्षानुवर्षं पाळणाऱ्या आयांबद्दल मला अतोनात आदर आहे.

1938 मध्ये फेनिटॉइन हे फिटवरचं औषध आलं. गोळी देणं सोपं, साय मोजणं अवघड. आहार मागे पडला, तो शिकवणारे आहारतज्ज्ञही कमी झाले. 1971 मध्ये पीटर हटनलोकर यांनी वेगळ्या प्रकारचं तेल वापरून तो थोडा सुसह्य केला, पण खरं पुनरागमन झालं ते 1994 मध्ये. हॉलीवूडचे दिग्दर्शक जिम अब्राहम्स यांचा लहानगा चार्ली औषधांना दाद देत नव्हता. जॉन्स हॉपकिन्समध्ये या आहारावर त्याच्या फिट थांबल्या आणि वडिलांनी त्याच्या नावाने संस्था काढली. कसोटीला उतरलेला पुरावा यायला आणखी काही वर्षं गेली. लंडनमध्ये 145 मुलांवर झालेला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. आहार घेणाऱ्या मुलांपैकी 38 टक्क्यांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या, न घेणाऱ्यांत हे प्रमाण 6 टक्के होतं.

वजन उतरवण्याची धारा वेगळीकडून आली. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे अंत्यविधीचं साहित्य पुरवणारे व्यावसायिक होते. वजन 202 पौंड, म्हणजे जवळजवळ 92 किलो. वाकून बुटाची नाडी बांधता येईना, जिना उतरताना पाठमोरं उतरावं लागे. डॉक्टर विल्यम हार्वी यांनी त्यांचा ब्रेड, साखर, बटाटा आणि बिअर तोडली. वर्षभरात 46 पौंड, म्हणजे 21 किलोच्या आसपास वजन गेलं आणि 1863 मध्ये बँटिंग यांनी हा अनुभव छापून वाटला. त्यांच्या ताटात थोडा टोस्ट आणि वाईन होतीच, त्यामुळे त्याला कीटो म्हणता येणार नाही, पण पीठ-साखर सोडून बारीक होण्याची पहिली लाट ती.

पुढे 1928 मध्ये उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात राहून आलेले शोधप्रवासी स्टेफान्सन एका सोबत्याबरोबर न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरांच्या निरीक्षणाखाली वर्षभर निव्वळ मांसावर राहिले. 1967 मध्ये बोस्टनच्या जॉर्ज केहिल यांच्या गटाने दीर्घ उपासात मेंदू कीटोनांवर चालतो हे लठ्ठ रुग्णांच्या रक्ताच्या मोजणीतून दाखवलं. मग 1972 मध्ये रॉबर्ट अ‍ॅटकिन्स या अमेरिकन डॉक्टरांचं पुस्तक आलं आणि कीटोन घरोघर पोचले. उष्मांक मोजू नका, कर्बोदकं सोडा, मांस-अंडी-लोणी पोटभर खा, हा त्यांचा निरोप. वॉर्डातल्या काट्याशी आहाराचं नातं तुटलं ते इथे.

वजनावरचे चांगले अभ्यास पाहिले तर चित्र बरंच संयत आहे. 2003 मध्ये 63 जणांच्या अभ्यासात नेहमीच्या कमी मेदाच्या आहारापेक्षा अ‍ॅटकिन्स पद्धतीने सहा महिन्यांपर्यंत वजन जास्त उतरलं, वर्ष पुरं होईस्तोवर दोन गटांतला फरक ठाम म्हणावा एवढा उरला नाही. 2018 मध्ये स्टॅनफर्डने 609 जणांची वर्षभराची तुलना मांडली. कमी मेद खाणाऱ्यांचं सरासरी 5.3 किलो उतरलं, कमी कर्बोदकं खाणाऱ्यांचं 6 किलो. म्हणजे आहार कामाचा आहे, पण इतरांपेक्षा फार उजवा नाही. जो वर्षभर निभेल तोच उपयोगी पडतो.

आता आपलं ताट. वजनासाठीच्या कीटोत दिवसाला साधारण 20 ते 50 ग्रॅम कर्बोदकं चालतात. नाशिकची मिसळ घ्या. सोबतच्या दोन पावांतच 30 ग्रॅमच्या वर जातात, मटकी आणि फरसाण वेगळं. द्राक्षांच्या हंगामात 100 ग्रॅम द्राक्षं खाल्ली की 17 ग्रॅमच्या आसपास. बाजरीची एक भाकरी खाल्ली की उरलेल्या दिवसाला फारसं काही राहत नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यातली नागली पौष्टिक खरीच, पण कर्बोदकांच्या हिशेबात ती भाताच्याच रांगेत बसते. लासलगावचा कांदासुद्धा भाजीत सढळ घालता येत नाही.

उपासाचं तर विशेष सांगायला हवं. ‘आपले पूर्वज एकादशी करायचे, म्हणजे कीटोच की,’ असं बरेचजण म्हणतात. निर्जळी उपासाच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पण नाशकातल्या घरोघरी उपास म्हणजे भगर, शेंगदाण्याची आमटी आणि साबुदाण्याची खिचडी. कोरड्या साबुदाण्यात 100 ग्रॅममागे 85 ग्रॅमहून अधिक कर्बोदकं असतात. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी घालणाऱ्याला ती ताकद लागतेच, त्यात गैर काही नाही. फक्त त्या दिवशी शरीर कीटोनांवर जात नाही.

महाराष्ट्रात कीटोच्या आधी आणि त्याच्या बरोबरीने आणखी एक पद्धत रुजली. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी मांडलेली दोन वेळा जेवणाची, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवण्याची. कीटोसारखीच तिचीही भर इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं संप्रेरक, कमी ठेवण्यावर, पण ताटातून पोळी-भात हद्दपार करायला ती सांगत नाही. आपल्याकडे ती इतकी पसरली याचं एक कारण हेच असावं. सगळ्यांनी एकत्र बसून जेवायच्या घरात एकीसाठी वेगळं पनीर रांधणं फार दिवस चालत नाही, आणि ते रांधणारीही बहुतेक तीच असते.

दुसऱ्या टोकाला हेही खरं की आपलं ताट कर्बोदकांनी फार भरलेलं आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, इंडिअ‍ॅब या देशव्यापी पाहणीत भारतीयांचे सुमारे 62 टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात असं दिसलं. त्या माहितीवरून अभ्यासकांनी मधुमेह टाळण्यासाठी हे प्रमाण 50 ते 55 टक्क्यांवर आणावं आणि प्रथिनं 20 टक्क्यांच्या जवळ न्यावीत असं सुचवलं. दोन पोळ्यांची एक करून वाटीभर घट्ट वरण किंवा अंडी वाढवली तरी या दिशेने जाता येतं. कीटोत कर्बोदकांचा वाटा 5-10 टक्क्यांचा, तो आकडा यापासून कितीतरी लांब आहे.

मधुमेहींनी इथे थांबून वाचावं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असताना पोळी-भात अचानक सोडला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, म्हणून डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावा लागतो. टाइप 1 मधुमेह, गरोदरपण, मुतखडा, यकृताचे किंवा किडनीचे आजार असणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने कीटो सुरू करूच नये. कोलेस्टेरॉल काहींचं बरंच वाढतं, तेव्हा रक्ततपासणी सुरुवातीला आणि दोन-तीन महिन्यांनी करावी.

अलीकडे यात एक नवी भर पडली आहे. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट 2020 मध्ये भारतात संपल्यावर ती स्वस्त झाली आणि मधुमेहाबरोबर हृदय-किडनीच्या रुग्णांनाही सर्रास दिली जाते. ही गोळी स्वतःच शरीराला कीटोनांकडे ढकलते. वर कीटो आहार केला तर रक्त आम्लधर्मी होण्याचा, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिसचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळ्यांच्या बाबतीत अ‍ॅसिडोसिसचा इशारा 2015 मध्येच दिला होता. यात फसवं हे, की घरच्या ग्लुकोमीटरवर साखर 180-200 दिसू शकते आणि घरचे निर्धास्त राहतात. उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं, गुंगी यांपैकी काही दिसलं तर गोळी पुढे न घेता लगेच हॉस्पिटल गाठावं आणि गोळीचं नाव व आहार दोन्ही सांगून रक्तातले कीटोन तपासायला सांगावं.