निसर्गाचं रूप की निसर्गाची रीत? दोन पिळदार टॉवरांमधला फरक

स्वीडनमधल्या माल्मो शहरातला ‘टर्निंग टोर्सो’ आणि चीनमधला ‘शांघाय टॉवर’ हे दोन्ही वर जाता जाता पीळ घेत वळतात. दोघांतही एकावर एक वेगवेगळे वापर रचले आहेत. माल्मोत खाली कार्यालयं आणि वर घरं, तर शांघायमध्ये खाली दुकानं, मध्ये कार्यालयं आणि वर हॉटेल. फोटोंत ते भावंडं वाटतात आणि ‘निसर्गप्रेरित वास्तुरचना’ या एकाच मथळ्याखाली दाखवलेही जातात. पण दोघांच्या पिळाची कारणं अगदी वेगळी आहेत.

टर्निंग टोर्सो (२००५, १९० मीटर) वास्तुकार सान्तियागो कालात्रावा यांच्या एका शिल्पातून आला. वळलेल्या मानवी धडाचं ते शिल्प. पाच-पाच मजल्यांचे नऊ ठोकळे एकावर एक थोडे थोडे फिरत जातात आणि माथ्यापर्यंत ९० अंशांचं वळण पूर्ण होतं. इथे इमारतीने शरीराचं रूप घेतलं. अशा रचनेला बायोमॉर्फिक, म्हणजे जैवरूपी म्हणतात.

शांघाय टॉवरचं (२०१५, ६३२ मीटर) गणित निराळं आहे. तिथे वळतं ते काचेचं बाहेरचं आवरण, १२० अंशांनी. आतले मजले साधे गोल आहेत. वळण किती अंशांचं ठेवायचं हे विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वारा सोडणाऱ्या बोगद्यात, वेगवेगळ्या कोनांची मॉडेलं तपासून ठरलं. साध्या चौकोनी मनोऱ्याच्या तुलनेत वाऱ्याचा भार सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाला. निसर्गाची रीत उचलणाऱ्या रचनेला बायोमिमिक्री म्हणतात. शांघाय टॉवर कोणत्याही एका जीवाकडून शिकलेला नाही, त्यामुळे काटेकोर अर्थाने तोही त्यात बसत नाही. तरी माझ्या मते तो त्याच बाजूचा आहे, कारण त्याचा आकार काहीतरी काम करतो.

हे काम नीट समजून घेण्यासारखं आहे. उंच इमारतीवर वारा आदळला की तो दोन्ही बाजूंनी वळसा घेतो आणि मागच्या अंगाला भोवरे सुटतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. त्यांची लय वाऱ्याच्या वेगावर आणि इमारतीच्या रुंदीवर ठरते. खालपासून वरपर्यंत रुंदी सारखीच असेल, तर सगळ्या उंचीवर भोवरे एकाच लयीत सुटतात. ही लय इमारतीच्या स्वतःच्या डोलण्याच्या लयीशी जुळली, तर झोक्याला नेमक्या क्षणी धक्के देत राहिल्यासारखं होतं. आकारातून करता येणारा उपाय म्हणजे वाऱ्याला कुठेही सूर लागू द्यायचा नाही. प्रत्येक उंचीवर रुंदी किंवा दिशा बदलली की भोवरे एकमेकांशी विसंगत होतात. झाडही वरपासून खालपर्यंत एकसारखं नसतं; निमुळतं खोड आणि वेगवेगळ्या लांबीच्या फांद्या आपापल्या लयीत हलतात.

बुर्ज खलिफात (२०१०, ८२८ मीटर) दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत, म्हणूनच गोंधळ वाढतो. त्याचा तीन पंखांचा आराखडा हायमेनोकॅलिस या फुलावरून सुचला असं सांगितलं जातं. पण ही इमारत उभी राहते ती मधल्या षटकोनी गाभ्यामुळे आणि त्याला तीन बाजूंनी टेकू देणाऱ्या पंखांमुळे. पंख वर जाताना आळीपाळीने मागे सरतात, त्यामुळे वाऱ्याला एकसारखी रुंदी मिळतच नाही. फुलाची कथा बाजूला ठेवली तरी यातला एकही फायदा कमी होत नाही. मी प्रत्येक इमारतीला हीच कसोटी लावते.

तैवानमधला तैपेई १०१ (२००४, ५०८ मीटर) बांबूच्या पेरांसारखा दिसतो. वारा मात्र आवरतात ते त्याचे खाचा पाडलेले कोपरे आणि वरच्या मजल्यांमध्ये टांगलेला, इमारतीचं डोलणं शमवणारा ६६० टनांचा पोलादी गोळा.

मिश्र वापराच्या इमारतीत हा फरक आणखी टोकदार होतो. कार्यालयाला खोल, ऐसपैस मजला चालतो. घराला आणि हॉटेलच्या खोलीला खिडकी जवळ लागते, म्हणजे मजला अरुंद हवा. त्यामुळे वर निमुळता होत जाणारा आकार वापराच्या मांडणीलाच सोयीचा ठरतो. शिवाय रात्री अंथरुणावर पडलेल्या माणसाला डोलणं लवकर जाणवतं. म्हणून निवासी मजल्यांसाठी हालचालीची मर्यादा कार्यालयांपेक्षा कडक ठेवतात, आणि घरं किंवा हॉटेल बरेचदा असतात नेमकी वर, जिथे इमारत सर्वाधिक हलते.

निसर्गाची रीत उचलली म्हणजे निसर्ग पूर्ण समजला, असंही नाही. झिंबाब्वेच्या राजधानीतलं, हरारेतलं ईस्टगेट सेंटर (१९९६) उंच मनोरा नाही, पण दुकानं आणि कार्यालयं एकत्र असलेली ही इमारत बायोमिमिक्रीचं एक गाजलेलं उदाहरण आहे. वास्तुकार मिक पिअर्स यांनी वाळवीच्या वारुळावरून तिची वायुवीजनाची योजना केली. रात्रीच्या थंड हवेने काँक्रीट गार करायचं आणि गरम हवा धुराड्यांतून वर सोडायची. वारूळ इतक्या सरळपणे धुराड्यासारखं चालत नाही, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. तरीही इमारत थंड राहते, कारण तिच्यामागचं भौतिकशास्त्र बरोबर होतं.

मला सर्वांत पटलेलं उदाहरण शिकागोतल्या अ‍ॅक्वा टॉवरचं (२००९) आहे. ८२ मजल्यांच्या या इमारतीत हॉटेल आहे, भाड्याची घरं आहेत आणि मालकीची घरंही. वास्तुकार जीन गँग यांना ग्रेट लेक्स या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या तलावांच्या काठावरच्या चुनखडीच्या थरांवरून तिचा आकार सुचला, म्हणजे प्रेरणा रूपाचीच होती. पण प्रत्येक मजल्यावर वेगळ्या वळणाने पुढे येणारे सज्जे, काही ठिकाणी साडेतीन मीटरहून जास्त, सावली देतात, शेजारच्या इमारतींमधल्या फटींतून तलावाचं दृश्य मिळवून देतात आणि वाऱ्याचा प्रवाह तोडतात. त्यामुळे इथे तैपेईसारखा टांगता गोळा बसवावा लागला नाही.