जिन्याखालचा जनरेटर, शिळं पेट्रोल आणि 'स्टॅबिलायझर' नावाचा घोळ

इंदुरात दुकानात जाऊन नुसतं स्टॅबिलायझर मागितलं की समोरून पहिला प्रश्न येतो, फ्रिजचा की एसीचा. मागच्या पावसाळ्याआधी सियागंजात माझं अगदी असंच झालं. पेट्रोलमध्ये टाकायचा, ठेवलेलं पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारा, म्हटल्यावर दुकानदार आधी पोराकडे बघून हसला, मग आतून दोन बाटल्या आणून ठेवल्या, एक इंजेक्टर क्लीनर आणि दुसरी ऑक्टेन बूस्टर, आणि म्हणाला, "भिया, एक ही बात है." एकच बात नाहीये. पण चूक त्या बिचाऱ्याचीही नाही, या शब्दाचा प्रवासच वाकडातिकडा आहे, म्हणून थोडं मागचं लिहितोय.

पेट्रोल ठेवून ठेवून शिळं होतं आणि इंजिनासाठी पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर चोंदतो, हे ज्यांच्या घरी जिन्याखाली जनरेटर पडलाय त्यांना सांगायला नको. सुरुवातीला मात्र हा त्रास एवढा नव्हता. कच्चं तेल तापवून सरळ वेगळं केलेलं पेट्रोल बऱ्यापैकी टिकायचं. 1913 च्या सुमारास अमेरिकेत जड तेल उष्णतेने फोडून जास्त पेट्रोल काढायची पद्धत कारखान्यात आली, तिला क्रॅकिंग म्हणतात, आणि या फोडलेल्या पेट्रोलमध्ये ओलेफिन नावाचे घटक जास्त असतात, त्यांची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडली की हळूहळू गोंदासारखा चिकटा तयार होतो. मग 1930 च्या दशकात रिफायनऱ्या स्वतःच पेट्रोलमध्ये अँटिऑक्सिडंट, म्हणजे ही ऑक्सिजनची क्रिया रोखणारं रसायन, घालायला लागल्या. तांब्याचा अंश असला की ही क्रिया अजून भडकते, म्हणून तांब्याला गप्प बसवणारं रसायनही घालतात. आपल्याकडच्या मानकात तर अटच आहे, 100 अंशावर, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये पेट्रोलने निदान 360 मिनिटं तग धरला पाहिजे. म्हणजे पंपाच्या नळीतून येतं तेव्हाच ते पेट्रोल बऱ्यापैकी 'स्टॅबिलाइज' झालेलं असतं, बाटलीतलं औषध म्हणजे त्याच जातीचा वरचा डोस.

ही घरगुती बाटली तिकडचीच, अमेरिकेतली. तिथे गवत कापायचं मशीन थंडीत चार-पाच महिने बंद आणि बर्फ हटवायचं मशीन उन्हाळ्यात बंद, म्हणजे प्रत्येक गॅरेजात कुठलं ना कुठलं इंजिन झोपलेलंच असतं. तिथल्या छोट्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये साधारण 30 दिवसांच्या वर ठेवायचं असेल तर पेट्रोल काढा किंवा स्टॅबिलायझर टाका असं लिहिलेलं असतं, डोस बहुतेक लिटरला 3 मिलिलिटरच्या आसपास.

आता आपलं बघा. आपल्याकडे पेट्रोलवर चालणारं काही झोपायचंच नाही. स्कूटर रोज ऑफिसला, लुना रोज मंडईत, टाकी नेहमी रिझर्व्हवर, पेट्रोल शिळं व्हायला वेळ कुठे होता. झोपणारं इंजिन आपल्या घरात आलं ते लाइट जायला लागली म्हणून, आणि ते झोपलं ते लाइट यायला लागली म्हणून. हा भाग मला सगळ्यात जवळचा, त्यामुळे जरा जास्त लिहिणार.

1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड वेगळं झालं, कोरबाची कोळशावरची मोठी वीजकेंद्रं तिकडे गेली आणि मध्य प्रदेशच्या वाट्याला तुटवडा आला. नंतरची दोन-तीन वर्षं इंदुरात ज्यांनी काढलीत त्यांना कटौतीचं टाइमटेबल अजून तोंडपाठ असेल, 2003 ची निवडणूक बिजली, सडक, पाणी यावरच झाली. त्याच काळात रामबाग, तिलकनगरच्या घराघरात ते छोटे जनरेटर आले, पेट्रोलवर स्टार्ट करायचे आणि रॉकेलवर चालवायचे. आमच्याकडे काकांनी आणला होता. त्याची एक शिस्त होती: बंद करायच्या आधी नॉब परत पेट्रोलकडे फिरवायचा, दोन-चार मिनिटं पेट्रोलवर चालू द्यायचा आणि मगच बंद, नाहीतर कार्बोरेटरच्या कटोरीत रॉकेल राहतं आणि दुसऱ्या दिवशी रस्सी ओढून ओढून खांदा जातो. म्हणजे गंमत बघा, पुढच्या स्टार्टसाठी म्हणून आम्ही मुद्दाम कटोरीत पेट्रोल भरून ठेवायचो. रोज चालवायचा तेव्हा ते बरोबरच होतं. पण 2013 मध्ये अटल ज्योती अभियान आलं, चोवीस तास विजेची घोषणा झाली, तोवर घरोघरी इन्व्हर्टरही आले होते, आणि जनरेटर जिन्याखाली गेला तो त्याच सवयीने, कटोरी भरलेली ठेवून.

तो परत उघडला तेव्हाचं चित्र माझ्या डोळ्यासमोर आहे. मिस्त्रीने कटोरीचा स्क्रू काढला, आतून काही सांडलंच नाही. तळाला चहाच्या वाळलेल्या साईसारखा तपकिरी थर, वास पेट्रोलचा नाहीच, जुन्या वॉर्निशच्या डब्याचा, आणि पितळेच्या जेटचं, म्हणजे पेट्रोल ज्यातून इंजिनाकडे जातं त्या तोटीचं, भोक उजेडात धरलं तर आरपार दिसेना. त्याने वायरमधली तांब्याची एक बारीक तार काढून ती भोकात घातली, फुंकर मारली, परत घातली. "कचरा आ गया" एवढंच म्हणाला. आमच्या भागात या आजाराचं नाव तेवढंच आहे, कचरा. बाहेरून आलेली धूळ असावी असं वाटतं ना ऐकून? पण तो पेट्रोलचाच झालेला असतो, आणि नाव चुकल्यामुळे वर्षानुवर्षं लोक फिल्टर बदलत राहिले.

मग 25 मार्च 2020 चा लॉकडाउन. इंदूर तेव्हा जास्त फटका बसलेल्या शहरांत, त्यामुळे गाड्या महिनोन् महिने अंगणात, आणि उघडल्यावर सगळ्यांना एकदमच प्रश्न पडला की पेट्रोल किती दिवस टिकतं. ऑनलाइन बाटल्या मागवायची टूम बऱ्याच जणांनी तेव्हाच उचलली. त्याच महिन्यांत BS-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम, आले, नव्या दुचाकी बहुतेक इंजेक्शनवर गेल्या, बंद सिस्टिममुळे त्यांना हा त्रास कमी. कार्बोरेटर राहिला तो जनरेटर, फवारणी पंप, गवत कापायच्या मशीनमध्ये आणि जुन्या गाड्यांत.

आणि आता खरा घोळ, इथेनॉल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळतात ते अल्कोहोल. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायची कल्पना काही नवी नाही, 1948 चा पॉवर अल्कोहोल कायदा होता, तो 2000 मध्ये रद्द केला आणि लगेच पुढच्या वर्षी मिरज, मनमाड आणि बरेलीकडे मिश्रणाचे प्रयोग सुरू झाले, याला काय म्हणायचं. 2003 मध्ये 5 टक्के, तेही नऊ राज्यांत, त्यात महाराष्ट्र आणि गुजरात होते, मध्य प्रदेश नव्हता. जून 2022 मध्ये सरासरी 10 टक्के गाठले, 2023 पासून 20 टक्केवालं पंपावर यायला लागलं, 20 चं लक्ष्य आधी 2030 होतं ते अलीकडे ओढलं आणि 2025 मध्ये गाठलंही. वाद आहे तो इथेच. 2021 च्या सरकारी रोडमॅपमध्ये जुन्या गाड्यांसाठी 10 टक्केवालं पेट्रोल वेगळं मिळत राहावं असं म्हटलं होतं. प्रत्यक्षात साध्या पंपावर निवड राहिलीच नाही. सरकारचं म्हणणं, नुकसानीची भीती वाढवून सांगितली जातेय, मायलेजमधली घट थोडी, शेतकऱ्याला पैसा मिळतो, परदेशी तेल कमी घ्यावं लागतं. या सगळ्यात तथ्य आहे. पण चर्चा सगळी रोज धावणाऱ्या गाडीची, सहा महिने न चालणाऱ्या जनरेटरचा विचार कोणी केल्याचं मला तरी दिसलं नाही.

याच भीतीवर बाटल्यांची नवी लेबलं छापली गेली, 'इथेनॉल स्टॅबिलायझर', आणि या एका शब्दात तीन वेगळी कामं कोंबली गेली. एक, ऑक्सिडेशन, म्हणजे ऑक्सिजनने चिकटा होण्याची ती क्रिया, रोखायचं, हे जुनं, खरं काम. दोन, धातूवर गंज चढू न देणं, हेही बऱ्याच बाटल्या थोडंफार करतात, आणि ॲल्युमिनियमच्या कटोरीत पांढरी भुकटी बघितली असेल तर त्याची गरज कळते. तीन, पाणी 'सांभाळणं', आणि इथे लोक फसतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं हे खरं. 10 टक्केवाल्या पेट्रोलमध्ये लिटरला साधारण 5 मिलिलिटर पाणी झालं की इथेनॉल पाण्याबरोबर वेगळं होऊन तळाला बसतं, आणि कॉकची (टाकीखालच्या पेट्रोलच्या चावीची) नळी तळाशीच असते. 20 टक्केवालं याहून जास्त पाणी पोटात घेतं, त्यामुळे 'पेट्रोलचं पाणी होतं' ही ओरड त्या हिशोबाने उलट कमी व्हायला हवी, हे कोणी सांगत नाही. पण एकदा थर वेगळा झाला की कुठलीही बाटली तो परत मिसळून पेट्रोल पूर्वीसारखं करत नाही. काचेच्या बरणीत काढून बघा, तळाला रेघ दिसली तर ते पेट्रोल गेलं. शिळ्या पेट्रोलचंही तसंच, चिकटा धरल्यावर औषध घालून उपयोग शून्य, ते ताज्या पेट्रोलमध्ये, पहिल्या दिवशीच घालायचं असतं, आणि घातल्यावर इंजिन पाच-दहा मिनिटं चालवायचं, नाहीतर औषध टाकीत आणि कटोरीत जुनंच. रबरचे वॉशर, फवारणी पंपाच्या कार्बोरेटरमधला पातळ पडदा, हे इथेनॉलने कडक होतात किंवा फुगतात, त्यावर तर या बाटलीचा फारसा इलाज नाहीच.

अजून एक, जे लेबलावर येत नाही. ती '12 महिने', '24 महिने' वगैरे आश्वासनं थंड गॅरेजच्या देशात जन्मली. आपला जनरेटर मे महिन्यात पत्र्याखाली 42-43 अंशात पडलेला असतो, आणि तापमान चढलं की ऑक्सिडेशन भराभर वाढतं. वर दिवसा तापून रात्री गार होताना टाकी झाकणाच्या भोकातून श्वास घेते, पावसाळ्यात तो श्वास ओला असतो. म्हणून टाकी काठोकाठ भरून औषध टाका म्हणणारे एका बाजूला आणि सगळं काढून कोरडी ठेवा म्हणणारे दुसऱ्या बाजूला, यात मी दुसऱ्यांच्या बाजूचा आहे, पत्र्याच्या टाकीला आतून गंज चढायचा धोका धरूनसुद्धा.

काकांचा जनरेटर अजून आहे, वर्षातून एक-दोनदा लागतो. काम झालं की कॉक बंद करायचा, इंजिन स्वतःच फडफडून बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, मग कटोरीचा खालचा स्क्रू सैल करून उरलेले चार थेंब फडक्यावर घ्यायचे, टाकीतलं पेट्रोल स्कूटरमध्ये. मागवलेल्या बाटलीतलं अर्ध्याहून जास्त औषध तसंच पडलंय.