'हो, इथेच दुखतंय!': खेळाडूच्या दुखापतीपर्यंत सुई कशी पोचली

पोटरी धरलेला धावपटू उपचाराच्या टेबलावर पालथा पडलाय. थेरपिस्ट अंगठ्याने चाचपत जातो आणि एका जागी खेळाडू कळवळून म्हणतो, "हो, इथेच!" सातव्या शतकातले चिनी वैद्य सुन सिमियाओ यांनी नेमक्या याच उद्गारावरून अशा जागांना 'आ-शी' म्हटलं. 'आ, हेच!' असा त्याचा साधारण अर्थ. ॲक्युपंक्चर आणि खेळातल्या दुखापती यांचं नातं समजून घ्यायचं, तर मला हा धागा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

कारण मूळ शास्त्राचा भर वेगळा होता. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांत आकाराला आलेल्या 'ह्वांगदी नेजिंग' या ग्रंथात शरीरभर पसरलेले वाहिन्यांचे मार्ग आणि त्यांतून वाहणारी 'ची' ही जीवनशक्ती आहे. सुया टोचायच्या त्या या मार्गांवरच्या ठरलेल्या बिंदूंवर. आ-शीची जागा मात्र कुठल्याच नकाशावर नसते, ती रुग्णाच्या दुखण्यातून सापडते. मुरगळलेला घोटा किंवा अवघडलेला खांदा घेऊन येणाऱ्याला नेमकी हीच रीत उपयोगी पडणारी होती.

'ॲक्युपंक्चर' हा शब्द चिनी नाही. जपानमध्ये राहून आलेले डच वैद्य विलेम टेन ऱ्हायने यांनी 1683मध्ये लॅटिनमधून तो घडवला. पुढे 1822मध्ये चीनच्या दाओग्वांग सम्राटाने शाही वैद्यकसंस्थेतून सुईचा उपचार काढून टाकला. योगायोग असा, की त्याच सुमारास युरोपातले काही डॉक्टर संधिवातावर आणि स्नायूंच्या दुखण्यावर सुया वापरून पाहत होते. विल्यम ऑस्लर यांच्या 1892च्या गाजलेल्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकात तर कमरेत उसण भरल्यावर सुई हाच सर्वांत गुणकारी उपाय म्हटलाय. तीन-चार इंचांची सुई, हॅटला लावायची साधी सुईसुद्धा चालेल, फक्त निर्जंतुक हवी. दुखतं तिथे खुपसायची आणि पाच-दहा मिनिटांनी काढायची. त्यात ना 'ची' आहे, ना वाहिन्या. आज ज्याला 'ड्राय नीडलिंग' म्हणतात, ते जवळजवळ हेच.

त्या ड्राय नीडलिंगची वाट पुढे अमेरिकन डॉक्टर जेनेट ट्रॅव्हेल यांच्या कामातून गेली. स्नायूंतल्या ताठर, दाबल्यावर दूरवर कळ मारणाऱ्या जागा, म्हणजे 'ट्रिगर पॉइंट', त्यांनी 1940च्या दशकापासून अभ्यासल्या. त्या तिथे बधिर करणारं औषध टोचत. चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी 1979मध्ये दाखवलं की औषध नसलं तरी नुसत्या सुईने आराम पडतो: 312 दुखऱ्या जागांपैकी सुमारे 87 टक्के ठिकाणी वेदना लगेच थांबली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे या आकड्यावर फार भार टाकू नये. पण फिजिओंच्या हाती सुई येण्यात या निबंधाचा वाटा मोठा आहे.

चिनी परंपरेचं दार पाश्चात्त्य जगात उघडलं ते 1971मध्ये. पत्रकार जेम्स रेस्टन यांचं बीजिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. ते सुयांच्या जोरावर झालं असं अजूनही सांगितलं जातं, ते खोटं आहे. भूल नेहमीचीच होती. नंतरच्या पोटातल्या अस्वस्थतेवर सुया लावल्या, एवढंच. पुढच्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि कुतूहलाला उधाण आलं. सुईतून अंगात कोणतंही द्रव्य जात नसल्याने, वेदनाशामक गोळ्यांचा आणि उत्तेजक चाचण्यांचा विचार करावा लागणाऱ्या खेळाडूंना ती जवळची वाटली, यात नवल नाही.

मग प्रयोगशाळा पुढे आल्या. शरीर स्वतःच तयार करतं त्या अफूसदृश रसायनांचा परिणाम रोखणारं नॅलॉक्सोन दिल्यावर सुईचा वेदनाशामक परिणाम घटतो, असं 1970च्या दशकात दिसलं. 1997मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञमंडळाने टेनिस एल्बो, कंबरदुखी आणि स्नायूंच्या वेदनांसाठी पूरक उपचार म्हणून ॲक्युपंक्चर उपयोगी ठरू शकतं, असं मत दिलं.

जर्मनीत 2007मध्ये जुन्या कंबरदुखीवर मोठी चाचणी झाली, 1,162 रुग्णांवर. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने 47.6 टक्के, ठरलेले बिंदू सोडून वरवर टोचलेल्या सुयांनी 44.2 टक्के, तर नेहमीच्या उपचारांनी 27.4 टक्के लोकांना बरं वाटलं. सुया टोचून घेणाऱ्यांना फायदा झाला, पण नकाशावरची नेमकी जागा फारशी महत्त्वाची ठरली नाही.

ताज्या दुखापतीबाबत पुरावा आणखी पातळ आहे. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा घोटा मुरगळण्यावरच्या अभ्यासांचा 2014चा आढावा ठाम निष्कर्षापर्यंत पोचू शकला नाही. सुईने कळ कमी होते, म्हणून फाटलेला अस्थिबंध जुळला असं होत नाही. त्याला त्याचे आठवडे लागतातच. सामना तोंडावर आलेल्या खेळाडूला सुई लावताना हे त्याला आधी सांगितलंच पाहिजे, कारण दुखणं थांबलं की तो त्याच पायावर पूर्ण भार टाकून धावणार असतो.